आधी काळोख, मग उजेड

कर्करोगाची गाठ दिसावी म्हणून तिला रंग द्यायचा, ही जुनी रीत. पण रंग आसपासच्या ऊतींतही रेंगाळतो आणि त्या झगमगाटात इवलीशी गाठ हरवते. राल्फ वाइसलेडर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त मांडलेल्या प्रयोगाचे सौंदर्य इथेच आहे. त्यांनी आधी न चमकणारा रंग घडवला.

त्याची घडण पाहावी. लायसिन या अमिनो आम्लाची लांब साखळी हा कणा. त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या फांद्या. त्यांच्यामुळे रेणू रक्तात दीर्घकाळ फिरतो. कण्यावरच रंगरेणू इतके खेटून बसवलेले की ते एकमेकांचे तेज विझवतात. गाठीच्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांतून हा रेणू गाठीत झिरपतो. तिथल्या पेशींच्या लायसोसोममधली प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, कणा कातरतात. रंगरेणू सुटे होतात आणि उजळतात.

ही कातर मला साऱ्या रचनेतली सर्वांत देखणी जागा वाटते. प्रथिने तोडणाऱ्या विकरांच्या बळावरच कर्करोग शेजारच्या ऊतींत घुसतो. इथे त्याच कुळातली विकरे त्याचा ठावठिकाणा सांगतात. शिवाय एक विकर एका तुकड्यावर थांबत नाही, कातरतच राहते, म्हणून अल्प विकरांचाही मोठा उजेड होतो. प्रकाशाची निवडही तितकीच जाणती. अवरक्ताच्या सीमेवरचा हा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन आणि पाणी कमी शोषतात, त्यामुळे चीर न देता तो त्वचेबाहेरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. उंदरांमध्ये गाठीतली चमक १२ पट वाढली आणि मिलिमीटरहून लहान गाठीही दिसल्या.

माणसाच्या जाड देहात मात्र प्रकाश काही सेंटिमीटरांतच विखरून क्षीण होतो. त्यामुळे विकरांनी उजळणाऱ्या रंगाला जागा मिळाली ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये पेगुलिसियानिन या अशाच रंगाला मान्यता दिली. स्तनातली गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत कर्करोगाचा अंश राहिला का, हे शल्यचिकित्सक त्याच्या चमकेवरून तपासतो. निरोगी ऊतींतही अशी विकरे असतात, म्हणून चमकलेली प्रत्येक जागा कर्करोगाची नसते. अंतिम निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. तरीही शल्यचिकित्सकाच्या नजरेला इथे गाठीच्या आकारापलीकडचे काही लाभते: तिथल्या पेशी त्या घडीला काय करत आहेत, याची खूण. या कल्पनेची थोरवी मला त्यातच दिसते.