आगगाडीचे कौतुक : ताकानावा आणि ठाणे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत वाढला. जपानात शिंबाशी ते योकोहामा हा पहिला लोहमार्ग १८७२ साली, म्हणजे ठाण्यानंतर एकोणीस वर्षांनी, खुला झाला. तरीही आगगाडी पाहणाऱ्या जपानी समाजाची रंगीत काष्ठमुद्राचित्रे विपुल आहेत. ठाणे-कल्याणच्या समाजाची तशी चित्रपरंपरा मात्र निर्माण झाली नाही.

तिसरा हिरोशिगे, योशितोरा आदींच्या या चित्रांत गाडीइतकेच महत्त्व प्रेक्षकाला आहे. ताकानावाच्या समुद्रकाठी माणसांनी ओढायच्या रिक्षा, किमोनो घातलेल्या स्त्रिया, विलायती टोपीतले पुरुष असा मेळा जमलेला असतो आणि गाडी त्याच्यामागून जाते. र्‍योगोकू पुलावरील दारूकामाच्या जुन्या चित्रांतही रचना हीच. नवलाची वस्तू तेवढी बदलली. मार्ग खुला होण्यापूर्वी छापलेल्या काही चित्रांत तर इंजिन केवळ कल्पनेचे आहे! म्हणून ही चित्रे सरसकट अविश्वसनीय ठरवणे मात्र घाईचे होईल. ताकानावाचा समुद्रातील बांध त्यांत दिसतो, आणि त्याचे दगडी अवशेष २०१९ साली प्रत्यक्ष सापडले.

मराठी मुलखातील उणीव तंत्राच्या अभावाने स्पष्ट होत नाही. गणपत कृष्णाजींचे शिळाप्रेसवरील पंचांग १८३१ सालचे आहे. भेद प्रयोजनाचा दिसतो. एदोत प्रकाशक, चित्रकार, ठसा कोरणारा व छापणारा यांची साखळी नटांच्या, गणिकांच्या आणि उत्सवांच्या स्वस्त चित्रांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली होती. गाडी हा तिला मिळालेला आणखी एक विषय. येथे छापखान्याला पोथी आणि पंचांग यांचे गिऱ्हाईक होते. पुढे १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला. त्यांच्या चित्रांत देवदेवता, पुराणकथा आणि ऐतिहासिक पुरुष यांचेच प्राबल्य राहिले. भिंतीवरील चित्र प्रामुख्याने दर्शनासाठी होते. स्टेशनावरील गर्दीला कोण हात जोडणार?

समाजाच्या कौतुकबुद्धीचा हा अभाव नव्हे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) शहरी जीवनाकडे त्याच उत्सुकतेने पाहते, आणि जात्यावरच्या ओव्यांतही आगगाडी शिरली आहे. जे तिकडे लाकडी ठशावर उतरले, ते इकडे गद्यात आणि गळ्यात राहिले.