तबकडीचा कान आणि मैफलीचा कान

मैफल खरी आणि ध्वनिमुद्रण ही तिची सावली, असा एक निवाडा आपल्याकडच्या जाणकार श्रोत्यांत फार वर्षांपासून चालत आला आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. एका ज्येष्ठ रसिकांच्या घरी चारसहा जण गाण्यावर बोलत बसले होते. मला विचारलं गेलं, कोणाकोणाला ऐकलंत? मी उत्साहाने किशोरीताई आमोणकरांच्या भूपाच्या कॅसेटबद्दल बोलू लागलो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "म्हणजे अजून ऐकलंच नाही म्हणा." बाकीचे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याचा हिशेब मी गेली तीस वर्षं मांडतो आहे. कुणा गुरूंपुढे बसून मी गाणं शिकलेलो नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयातली पुस्तकं वाचली, जुन्या तबकड्या आणि ध्वनिफिती जमवल्या आणि जमेल तेव्हा मैफलींना गेलो. तेव्हा हा लेख गाण्याविषयी असला तरी ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. नवी ध्वनिमुद्रिका घरी आणण्याचा आनंद आणि मैफलीत जाऊन बसण्याचा आनंद हे दोन आनंद एकमेकांचं काय करतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

तीन मिनिटांची शिस्त

आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात, ते आज ऐकताना गंमत वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं.

एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. ज्या गायकीत ख्याल तासभर फुलतो तिला ही फार मोठी अट होती. मग विलंबित बाजूला पडलं, मध्य आणि द्रुत लय पुढे आली. बंदिशीचा मुखडा, चार आलाप, थोडी बोलांगं, नेमक्या ताना आणि समाप्ती. जाणकार याला काटछाट म्हणतात. ती होतीच. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, पण केसरबाईंचा विलंबितातला विस्तार त्या भैरवीवरून कळणार नाही, हे मान्यच करायला हवं.

मात्र याच तबकडीने जे केलं तेही नोंदलं पाहिजे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून एक मुलगा वेडावला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडून निघाला. हे भीमसेन जोशी. भटकंतीनंतर ते ज्यांच्याकडे शिकले ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. गुरुशिष्य परंपरेच्या ज्या साखळीचा आपण इतका अभिमान बाळगतो, तिची एक कडी दुकानात वाजणाऱ्या तबकडीने जोडली आहे. 'ऐकलंच नाही' हा निवाडा त्या मुलालाही लावायचा का?

वीस मिनिटांचा भूप

पुढे एलपी आली. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली आणि बडा ख्याल घरात शिरला. एलपी आणि ती वाजवायचं यंत्र मात्र मध्यमवर्गातही सगळ्यांना परवडत नव्हतं. आमच्या तासगावात ज्यांच्याकडे ते होतं त्यांची घरं बोटांवर मोजता येत. खरा बदल १९८०च्या दशकात कॅसेटने केला. एलपीवरच्या गाण्यांच्या कॅसेट निघाल्या, टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या फळीवर जाऊन बसला.

आमच्या फळीवर किशोरीताईंची भूप-बागेश्रीची कॅसेट होती. भूपात पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. इतक्या थोड्या सामग्रीत रागाचं रूप उभं करायचं तर गंधारावर येणं, तिथे थांबणं आणि तिथून निघणं यांवर सगळी मदार. या मुद्रिकेत विलंबित आणि द्रुत दोन्ही एकाच बाजूत बसवलेली आहेत. प्रत्येक स्वराला किती वेळ द्यायचा, याचा विचार गायिकेने तबकडीचं माप डोळ्यांपुढे ठेवून केलेला दिसतो. माझ्या मते तबकडीसाठी केलेली ही स्वतंत्र रचना आहे. मैफलीतल्या भूपाचा तुकडा म्हणून तिच्याकडे पाहिलं तर तिच्यातला आटोपशीरपणा उणीव वाटेल. स्वतंत्र रचना म्हणून पाहिलं तर तोच तिचा गुण ठरतो. कादंबरीचं एक प्रकरण आणि कथा यांत जो फरक, तसाच हा.

ही कॅसेट आईने किती वेळा ऐकली असेल याला गणती नाही. भाकऱ्या थापताना, धान्य निवडताना ती चालूच असे. रात्रीच्या मैफलींना जाणं तिच्या आयुष्यात बसणारं नव्हतं. सासरच्या घरातून रात्री गाणं ऐकायला एकटी बाई निघाली आहे, हे दृश्य तिच्या पिढीत आमच्या गावी कुणी पाहिलेलं नव्हतं. शनिवारी रात्रीचा आकाशवाणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि ही फळी, एवढंच तिचं संगीताचं जग. मैफल हेच खरं म्हणणाऱ्यांनी मैफलीच्या दारात कोण पोहोचू शकत होतं, हेही विचारायला हवं होतं.

आईचा प्रश्न

१९९४ साली मी आईला मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात घेऊन गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं, सगळ्यांना मुक्तद्वार. आम्ही सतरंजीवर मागच्या बाजूला बसलो. एका जाणत्या गायिकेने भूप सुरू केला. मला वाटलं, आईला आपल्या कॅसेटची आठवण येईल आणि वेगळं गाणं ऐकून ती हिरमुसेल. ती मान खाली घालून ऐकत राहिली. परतताना एसटीत म्हणाली, "अरे, ही बाई त्या जागेवर किती वेळ थांबली. टेपमधल्या बाई एवढ्या थांबत नाहीत. त्यांना पुढं जायचं असतंय का?" आणि ती जागा तिने गुणगुणून दाखवली. तो गंधार होता.

आईला गंधार हे नाव माहीत नव्हतं. एलपीच्या बाजूला किती मिनिटं मावतात हेही माहीत नव्हतं. पण मुद्रिकेवर वेळेचा दाब आहे आणि मैफलीत तो नाही, हे तिच्या कानाने पकडलं होतं. ते पकडता आलं ते केवळ शेकडो वेळा ऐकलेल्या त्या कॅसेटमुळे. मैफलीत नवं काय घडलं हे कळायला आधीचं काही कानात पक्कं असावं लागतं. पूर्वी हा पाया दरबारातल्या, गायकांच्या सहवासातल्या मोजक्या लोकांकडे असे. पुन्हापुन्हा लावता येणाऱ्या तबकडीने तो स्वयंपाकघरात आणला.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा १९३६ सालचा निबंध या वादात हमखास पुढे केला जातो. कलाकृतीच्या यांत्रिक प्रतीत 'इथे आणि आत्ता' असण्याचं तेज उरत नाही, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना आठवतं. प्रत ही मूळ कृतीला ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत आणते, हेही त्याने त्याच निबंधात म्हटलं आहे. ते सोयीस्करपणे विसरलं जातं. दुसऱ्या टोकाला कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. त्याने १९६४ साली मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओतलं मुद्रण हेच आपलं माध्यम मानलं. पण गूल्डसमोर बहुतेक वेळा लिहिलेलं संगीत होतं. ख्यालगायक गातानाच रचतो, समोरच्या श्रोत्याच्या दादेवर रचतो. त्यामुळे गूल्डची वाट आपल्याला तशीच्या तशी घेता येणार नाही.

फर्माइशीचा धोका

इथवर मी तबकडीची बाजू घेतली. आता तिच्याविरुद्धचा खरा आक्षेप, जो त्या ज्येष्ठ रसिकांनी मांडला असता तर मी निमूट मान्य केला असता. तबकडी श्रोत्याला पुनरावृत्तीची चटक लावते. मैफलीच्या उत्तरार्धात चिठ्ठ्या येऊ लागतात: अमुक अभंग, तमुक नाट्यपद, आणि तेही मुद्रिकेत आहे तसंच. एखाद्या जागी गायकाने वेगळं वळण घेतलं की शेजारचा माणूस कुजबुजतो, "रेकॉर्डमध्ये असं नाही." आईचं वाक्य आणि हे वाक्य यांतले शब्द जवळजवळ सारखेच आहेत. तिने फरक ऐकला आणि त्याचं कारण विचारलं. याने फरक ऐकला आणि तक्रार केली.

हा मोह मलाही चुकलेला नाही. मैफलींची खासगी मुद्रणं रसिकांत हातोहात फिरत, तशी कुमार गंधर्वांच्या एका मैफलीची नव्वद मिनिटांची कॅसेट मी मिळवली होती. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते, नेमकी एका तानेच्या मध्यावर. मला त्या तुटण्याची इतकी सवय झाली की त्या रागात तशी तान कुणीही घेतली की मी नकळत ती तुटायची वाट पाहतो. यंत्राची मर्यादा माझ्या कानात रागाचा भाग होऊन बसली आहे. कुमारजींनी स्वतः मात्र उलट वाटेने काहीतरी साधलं. 'गीतवर्षा', 'गीत हेमंत', 'त्रिवेणी' यांसारख्या कार्यक्रमांत त्यांनी अख्खी मैफल एका कल्पनेभोवती गुंफली. एरवी संग्रहाकडून अपेक्षावी अशी आखीव एकसंधता त्यांनी मैफलीला दिली आणि गाणं मात्र जिवंत ठेवलं.

उलटलेला निवाडा

शेवटचा मुद्दा काळाचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीवर भर दिला. लोकांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उत्सवांतल्या रात्रभराच्या बैठकी त्यानंतर संपल्या. मध्यरात्रीचा दरबारी, पहाटेचा ललत हे आपापल्या वेळी मांडवात बसून ऐकणं आता दुर्मीळ झालं. आजच्या तरुण श्रोत्याला मध्यरात्री दरबारी ऐकायचा असेल तर बहुधा ध्वनिमुद्रणाकडेच जावं लागेल. सावली म्हणून हिणवलेल्या गोष्टीच्या आश्रयाला मैफलीचा एक मोठा तुकडा आला आहे.

म्हणून समीक्षेने मुद्रिकेला मैफलीच्या आणि मैफलीला मुद्रिकेच्या मापाने मोजणं थांबवावं, असं मला वाटतं. नव्या मुद्रिकेला विचारावं: मिळालेल्या वेळात काय रचलं? मैफलीला विचारावं: कानात असलेल्यापेक्षा आज काय वेगळं घडलं, आणि का? दुसरा प्रश्न विचारायला पहिल्याची शिदोरी लागते.

ते ज्येष्ठ रसिक आता नाहीत. पुढे मी त्यांच्याबरोबर अनेक मैफली ऐकल्या आणि पुष्कळ शिकलो. मिरजेहून परततानाचं आईचं बोलणं मात्र त्यांना सांगायचं राहून गेलं. कदाचित ते म्हणाले असते, बाईंनी ऐकलंय खरं.