दुसरेपणाचा बस्ता

लग्नसराईत आमच्या मराठवाड्यातल्या शहरात, गुलमंडीच्या बाजारातल्या कापडदुकानात बसलं की कोणाचा बस्ता कसला, हे आवाजावरून कळतं. पहिलं लग्न असलं की गादीवर पंधरा माणसं, मांडीपर्यंत साड्यांचा ढीग आणि ‘भाऊ, अजून भारीतलं काढा’. गेल्या वैशाखात माझ्या शेजारी चौघंच होती. एक म्हातारी, तिचा भाऊ, तिशीतली एक बाई आणि तिचं पोरगं. ‘दुसरेपणाचं हाय, साधंच दाखवा,’ म्हातारी जवळजवळ कुजबुजली. ती त्या बाईची आई असेल असं मला वाटलं. निघाली सासू. मुलगा गेला, आता सुनेचं लग्न लावून देत होती.

या म्हातारीची कादंबरी मराठीत कुठे आहे?

अमेरिकेत असल्या गोष्टींवर अख्खा धंदा चालतो. काऊबॉय रोमान्स म्हणतात त्याला. ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ने 1902 मध्ये गुराखी आणि शाळामास्तरीण यांचं प्रेम रंगवलं, आणि पुढे त्याच वाटेवर शेकड्यांनी पुस्तकं आली. आजचा त्यातला एक आवडता साचा असा: नवरा गेलेली मालकीण, कर्जात बुडालेलं कुरण, कामाला आलेला अबोल गडी आणि खुंटीवर अजून लटकलेली पहिल्याची टोपी. बहुतेक पुस्तकं ठोकळेबाज असतात, शेवट पहिल्या पानावरच कळतो. पण या साच्याला एक शिस्त आहे. मेलेल्या माणसाला वाईट ठरवून वाट मोकळी करायची नाही. तो चांगलाच होता, त्याच्यावर जीव होता, आणि तरीही दुसऱ्यावर जीव जडला, हे अवघड काम लेखकाला करावंच लागतं. तेही बोलण्यातून कमी, कामातून जास्त: मोडलेलं कुंपण, अडलेली गाय, रात्रभर जागलेला गोठा. याच मातीत केंट हॅरफने ‘आवर सोल्स ॲट नाइट’ (2015) लिहिली. कोलोरॅडोच्या एका लहान गावात एक विधवा शेजारच्या विधुराला विचारते, रात्री सोबतीला येशील का, नुसतं बोलायला. इतकीच गोष्ट, आणि तिला तोड नाही.

आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला ‘वेस्टर्न’ म्हणजे ‘शोले’ (1975). त्यातही हे प्रकरण आहेच. पांढऱ्या साडीतली राधा एकेक दिवा मालवत जाते आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवतो. सासरा स्वतः तिच्या वडिलांकडे लग्नाचं बोलायला जातो. गुलमंडीवरची म्हातारी तरी दुसरं काय करत होती? पण पटकथेने जयला मारलं आणि राधाने खिडकी लावून घेतली. प्रेक्षक हळहळले, आणि मला वाटतं, थोडे सुटलेही.

मराठीची कथा याहून विचित्र आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाल्यानंतर एका वर्षाने आलेली. मराठीतली ही पहिली कादंबरी मानतात. तिच्यातल्या यमुनेचं नवऱ्यावर मनापासून प्रेम आहे, तो जातो, आणि पुढे ती पुन्हा लग्न करते. पुस्तक प्रचारकी आहे, पण मांडणी नेमकी त्या अमेरिकन साच्यातलीच होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूचा संसार इतक्या जिव्हाळ्याने रंगवला, आणि नवऱ्यामागे तिच्या वाट्याला केशवपन आलं. ते त्या काळाचं सत्य होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या शंभर वर्षांबद्दल. विधवा दिसली की लेखकाने एक तर तिचा प्रश्न मांडला, नाही तर तिला शोकांतिकेत ढकललं. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये राधा आणि बॅरिस्टर यांच्यात काही उमलू पाहतं, आणि शेवट वेडात होतो. नाटक थोरच आहे. पण सुखाचा मुहूर्त तिथेही नाही.

खरं सुख सापडतं ते आत्मचरित्रात. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ वाचा. त्यांच्या 1893 च्या पुनर्विवाहावर बहिष्कार आला, पण पुस्तकात रडगाणं नाही, खट्याळपणा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. त्या आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. पहिल्या नवऱ्याची आठवण यावी असं काही घडलंच नव्हतं. सुधारणेच्या काळातली नायिका बहुधा अशीच होती, म्हणून ‘पुन्हा प्रेम’ हा प्रश्न तिला पडलाच नाही.

आणि ज्यांना तो पडत होता, त्यांच्याकडे आमच्या कादंबरीने पाहिलं नाही. गुरंढोरं राखणाऱ्या, नांगर धरणाऱ्या कित्येक जातींत विधवेचा पाट लागत होता, म्होतूर होत होतं. कुलीन म्हणवणारी घराणी वगळा, पण बाकी शिवारात दुसरा संसार ही रोजची बाब होती. जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे की पाट रात्री लागे आणि सवाष्णी त्यापासून दूर राहत. अंधारातलं लग्न, गोठ्यात बांधलेली पहिल्याच्या हातची देवणी बैलजोडी, तिला नव्या माणसाचा हात ओळखू येईना, आणि सकाळी पुन्हा तेच औत! ग्रामीण लेखकांच्या हातात हे सगळं होतं. त्यांनी दुष्काळ लिहिला, कर्ज लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. शृंगार मात्र त्यांना चैन वाटली. जी. ए. कुलकर्ण्यांनी कॉनरॅड रिक्टरचं अमेरिकन रान ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ असं मराठीत आणून दाखवलं, म्हणजे भाषा अपुरी नव्हती.

भाषेत एक खोट मात्र आहे. पुरुषासाठी ‘बिजवर’ हा शब्द तयार आहे. बाईसाठी ‘पाटाची’, आणि तो शिवीच्या काठावरचा.

विधवेला पुन्हा प्रेमात पाडण्याचं धाडस अखेर मालिकेने केलं. ‘अग्गंबाई सासूबाई’ (2019) मध्ये निवेदिता सराफांची आसावरी उतारवयात शेफ अभिजीत राजेंशी लग्न करते आणि सून ते घडवून आणते. घरोघरी ती पाहिली गेली. पण पहिला नवरा तिथे जवळपास फोटोपुरताच आहे, म्हणजे अवघड भाग टाळलाच. पडद्याबाहेरही काही हललं: 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. साहित्य अजून त्या ठरावाच्या मागे आहे.

मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त कुटुंबांत तरुण विधवा किती आहेत, हे इथल्या लेखकाला सांगावं लागत नाही. त्यांच्यावर त्याने कविता लिहिल्या, अहवालासारख्या कथा लिहिल्या. त्यांतली एखादी बाई पुन्हा हसली तर काय होतं, ते लिहायचं राहिलं.

त्या दिवशी त्या बाईने साधी साडी बाजूला सारली आणि गर्द डाळिंबी उचलली. सासू काही बोलली नाही, पैसे मोजून दिले. कादंबरी लिहिणाऱ्यांनी एकदा लग्नसराईत गुलमंडीवर येऊन बसावं.