डोळे मिटून दिलेला न्याय

जोएल शूमाकर यांचा ‘अ टाइम टु किल’ (१९९६) हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्या खेपेस वकिलाच्या अखेरच्या भाषणाने डोळे पाणावले; दुसऱ्या खेपेस त्याच भाषणाने मन खट्टू झाले. असे का व्हावे, याचा शोध घेण्यासाठी हे चार शब्द.

कथा अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातली. दहा वर्षांची टोन्या ही काळी मुलगी किराणा घेऊन घरी येत असता दोन गोरे तरुण तिच्यावर अत्याचार करतात. घायाळ पोर बापाला पाहून प्रथम क्षमा मागते ती सामान सांडल्याबद्दल! हा एक क्षण साऱ्या चित्रपटाला पुरून उरणारा आहे. बाप कार्ल ली न्यायालयाच्या आवारातच त्या दोघांना गोळ्या घालतो, आणि खटला उभा राहतो तो त्याच्यावर.

बापाने कायदा हाती का घेतला, हे कळायला मिसिसिपीचा इतिहास ठाऊक हवा. १९५५ साली तेथे एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका नियतकालिकात खुनाची कबुली दिली. पुन्हा खटला भरणे कायद्याने शक्य नव्हते. कार्ल लीचा अविश्वास असा कमावलेला आहे. सॅम्युअल जॅक्सनने तो आरडाओरडा न करता, नजरेतून दाखवला आहे. कोठडीत तो आपल्या गोऱ्या वकिलाला, जेकला, स्पष्ट सुनावतो : तूही त्यांच्यापैकीच एक, म्हणून तर तुला निवडले, ज्यूरीच्या जागी बसून विचार कर.

मग ते भाषण. जेक ज्यूरीला डोळे मिटायला सांगतो, मुलीचे हाल एकेक करून वर्णितो, आणि शेवटी म्हणतो की, आता ती मुलगी गोरी आहे अशी कल्पना करा. ज्यूरी विरघळते. पण हा विजय कोणाचा? काळ्या पोरीचे दुःख दुःख म्हणून पुरेसे ठरले नाही, तिला क्षणभर गोरे करावे लागले! जॉन ग्रिशॅम यांच्या मूळ कादंबरीत (१९८९) ही कल्पना वकिलाला सुचत नाही. बंद खोलीत ज्यूरीतलीच एक बाई ती इतरांपुढे मांडते. गोऱ्यांनी गोऱ्यांना विचारलेला तो प्रश्न होता. पडद्यावर तो नायकाच्या वक्तृत्वाचा तुरा झाला, आणि त्यातली शरम हरवली.

आपल्याकडे १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, ते येथे आठवते. तो निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. पण त्या रुबाबदार नौदल अधिकाऱ्यात लोकांना आपला माणूस सहज दिसला होता, त्यासाठी कोणाला डोळे मिटावे लागले नाहीत.

बाकी चित्रपटात जाळपोळ, कू क्लक्स क्लॅनचे बुरखे आणि सँड्रा बुलकचे विद्यार्थिनीपण यांची गर्दी आहे. त्याविषयी न लिहिलेलेच बरे. गोळीबारात पाय गमावलेला पोलीस साक्षीला येऊन कार्ल लीला सोडा म्हणतो, तो प्रसंग मात्र चटका लावतो.

दोन माणसांना ठार मारणे योग्य होते काय? चित्रपट हा प्रश्न टाळ्यांखाली झाकतो. सुटकेनंतर जेक बायको-मुलीला घेऊन कार्ल लीच्या घरी जातो. आपल्या मुली एकत्र खेळतील असे वाटले, म्हणतो. बोलतात ते दोन बापच. किराणा सांडल्याची क्षमा मागणारी टोन्या खटल्यात कुठेच बोलली नाही, आणि येथेही तिला काय वाटते ते कोणी विचारीत नाही.