प्रेमकथेचा उत्तरार्ध

पिंपळनेरच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली मुले-मुली साक्री तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येतात. कुणाच्या घरात अहिराणी, कुणाच्या घरात कोकणी, कुणाच्या घरात भिली. त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच घरातली पहिली पदवी घ्यायला निघालेली आहेत. मागे एकदा मी त्यांना नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटावर दोन पाने लिहायला सांगितली. मुलांनी विहिरीतली उडी, आर्चीची बुलेट आणि शेवटचा खून यांवर लिहिले. पाच-सहा मुलींनी मात्र हैदराबादच्या झोपडीवर लिहिले. परश्याने आर्चीवर हात उचलला त्या क्षणी आपल्याला शेवटच्या खुनापेक्षाही अधिक भीती वाटली, असे एकीने लिहिले होते. तपासताना माझी लाल शाई तिथे थांबली.

तरुण जोडप्याचे नाते चांगले की वाईट हे कशाने ठरते? आपल्या समीक्षेने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. प्रेम जातीला हरवते की जात प्रेमाला मारते, एवढेच आपण पाहत आलो. हा प्रश्न खोटा नाही, पण अर्धा आहे. प्रेमकथेचा पूर्वार्ध जातीशी भांडण्यात जातो. उत्तरार्ध एका खोलीत, एका चुलीपाशी, एका पगारावर जगायचा असतो. पांढरपेशा वाङ्मयाने हा उत्तरार्ध नेहमीच टाळला, कारण त्याच्या नायक-नायिकांना खोली शोधावी लागत नव्हती. आपण का टाळावा?

विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) घ्या. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करते आणि मार खाते. एका दलित तरुणाला हिंसेचा नमुना म्हणून उभे केले, हा आपल्याकडून घेतला गेलेला आक्षेप मला आजही रास्त वाटतो. त्यात मी एक भर घालीन. या नाटकात ज्योतीचा संसार आपल्याला दिसतो तो देवळालीकरांच्या घरातून. तिथल्या संभाषणातून, तिथल्या हळहळीतून. नाथांना हे लग्न म्हणजे आपल्या तत्त्वाची कसोटी वाटते. ज्या लग्नाला दुसऱ्याच्या तत्त्वाचे ओझे वाहायचे असते, त्यातल्या बाईला ‘माझे चुकले’ म्हणून परत फिरायची वाट राहत नाही. ज्योती शेवटी बापाचीच शिकवण बापाच्या पदरात टाकून अरुणकडे निघून जाते, ती याच कोंडीमुळे. अरुणच्या हातात हिंसा कुठून आली याचे उत्तर नाटक त्याच्या जन्मात शोधते. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा प्रत्येक आळीत असतो, हे मात्र विसरते.

पण नाटक नाकारून आपले काम संपले काय? पुढच्याच वर्षी, १९८४ साली, मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आले. त्यांचे पती नामदेव ढसाळ हे आपल्या विद्रोहाचे केवढे मोठे नाव! त्या पुस्तकातले दुःख कुणा सवर्ण नाटककाराच्या कल्पनेतले नव्हते. पुढे २००३ साली उर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले. त्यात पसंतीने केलेले लग्न आहे, शिकलेला, नोकरी करणारा, चळवळ मानणारा नवरा आहे. तरीही बायको पुढे शिकू लागली, लिहू लागली, तेव्हा घरात ताण उभा राहिला. म्हणजे जात एकच असली, विचार एकच असला, तरी नाते आपोआप समतेचे होत नाही. हे आपल्याच दोन लेखिकांनी सांगितले, आणि आपण त्याकडे घरगुती तक्रार म्हणून पाहिले.

इथे मला स्वतःकडे यावे लागते. माझी आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाई. माझ्या आईबापांना एकमेकांशी दोन वाक्ये निवांत बोलताना मी पाहिले नाही. त्यांना तेवढा वेळच नव्हता. मी शिकलो, फुले-आंबेडकरांवर भाषणे दिली. माझ्या पत्नीने बी.एड.चा अर्ज आणला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो भाकरीचा: भाकरी कोण टाकील? ती काही बोलली नाही. तो अर्ज बरेच दिवस कपाटावर पडून होता. ‘आयदान’ वर्गात शिकवताना मला तो अर्ज दिसतो.

प्रेम करायला शिकावे लागते, आणि ते शिकायला जागा लागते. आपल्या गावांत ती कुठे आहे? ‘फँड्री’तला (२०१३) जब्या शालूवर जीव टाकतो, पण तिच्यापाशी मन मोकळे करू शकत नाही. काळ्या चिमणीच्या राखेवर भिस्त ठेवावी लागते, कारण शब्दांचा रस्ता बंद आहे. पडद्याबाहेर तर याहून भयंकर घडले. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारण्यात आले. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. जिथे बोलण्याची किंमत जीव असते, तिथे मुले-मुली एकमेकांना ओळखणार कशी? ओळख चोरून होते, घाईत होते. पळून जाणे हाच परिचय आणि तेच लग्न. मग चोरीतला धाक संसारातही शिरतो. मोबाईल दाखव, कुणाशी बोललीस ते सांग, हीच प्रेमाची परीक्षा ठरते. संशय हा त्या मुलाचा स्वभाव नाही, त्याला मिळालेले वळण आहे. पण वळण आहे म्हणून माफ, असेही मी म्हणणार नाही.

‘सैराट’चा उत्तरार्ध म्हणूनच मला मोलाचा वाटतो. पाटलाच्या पोरीला स्वयंपाक येत नाही, भाषा कळत नाही, झोपडीतली घाण सोसत नाही. परश्याची सगळी माया असूनही संशय येतोच, हात उठतोच. आर्ची निघून जाते आणि परत येते. पुढे नाते सावरते ते कशामुळे? आसरा देणारी एक परकी बाई आहे, दोघांना काम आहे, तिच्या हातात स्वतःची कमाई आहे, आणि रांधायला लाजत नाही असा नवरा आहे. एवढ्याच चार गोष्टी. त्यांना काव्य म्हणत नाहीत, पण प्रेम त्यांच्यावरच उभे राहते. ते उभे राहिल्यावर जात येऊन ते तोडते, म्हणूनच तो शेवट इतका जिव्हारी लागतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय मानला. तो आपण पाठ केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींना सांगितले की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. हे आपण पाठ केले नाही. पहिले वचन पूर्वार्धाचे आहे, दुसरे उत्तरार्धाचे. दुसऱ्यावाचून पहिले अपुरे आहे.

दलित समीक्षेने यापुढे प्रत्येक प्रेमकथेला विचारावे: यांना खोली कोणी दिली? भाकरी कोणी टाकली? तिच्या हातात पैसा होता काय? भांडण झाल्यावर तिला जायला दार उघडे होते काय? माझ्या विद्यार्थिनीने दोन पानांत हेच विचारले होते. मी तिला दहापैकी सात गुण दिले. आता वाटते, कमी दिले.