ह्यूगोचा ऑक्टोपस

नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून घरी परतताना, व्हिक्टर ह्यूगोच्या ‘टॉयलर्स ऑफ द सी’ ह्या १८६६ सालच्या कादंबरीतील ऑक्टोपस पुन्हा आमच्या मनात घोळू लागला. ह्यूगोने त्यास मनुष्याला जिवंतपणी शोषून घेणारा राक्षस केले. त्या प्रसंगाचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. परंतु आमचे लेखकही जुलमी सत्तेस ‘ऑक्टोपसचा विळखा’ म्हणून मोकळे होतात. तो प्राणी कसा जगतो, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतात.

वास्तविक स्थिती काय आहे? हिंदी व प्रशांत महासागरांच्या उथळ पाण्यात कॅलिस्टॉक्टोपस ऑर्नेटस ही निशाचर जाती आढळते. ती दिवसा दडून बसते व रात्री भक्ष्य शोधते. तिच्या तांबूस अंगावर लांबट पांढरे पट्टे दिसतात. ऑक्टोपसाच्या त्वचेतील सूक्ष्म रंगपिशव्या स्नायूंनी ताणल्या की रंग गडद होतो, सैल पडल्या की फिका होतो. आणि हे सारे क्षणार्धात घडते. ह्या प्राण्यास कवच नाही. मोठ्या माशांस तो आयताच घास. शिकारीसाठी आणि भ्याल्यावरही तो दगडांचा रंग धारण करतो, हे ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वीच नोंदविले होते.

म्हणजे ज्यास आम्ही केवळ भक्षक ठरविले, तो भक्ष्यही आहे. रूपक भीतीतून जन्मले तरी ते निरीक्षणावर पोसले पाहिजे. विळख्याचे वर्णन पुष्कळ झाले. त्या कातडीवर उमटणारे भय कोणी लिहील काय?