वंशकथा आणि दप्तर

सतराव्या शतकात स्कॉटलंडातून आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात जाऊन राहिलेल्या आणि अठराव्या शतकात तेथून अमेरिकेस गेलेल्या प्रेस्बिटेरियन लोकांस स्कॉच-आयरिश म्हणतात. त्यांपैकी व्हर्जिनियात वसलेल्या जॉन मॅकडॉवेलच्या घराण्याची हकीकत टॉमस मार्शल ग्रीन यांनी ‘हिस्टॉरिक फॅमिलीज ऑफ केंटकी’ (१८८९) या ग्रंथात सांगितली आहे. ग्रीन यांची शैली ओजस्वी आहे, यात शंका नाही. परंतु कुलवृत्तान्तास केवळ ओज पुरत नाही.

ग्रीन आरंभ करतात तो बाराव्या शतकातील वीर सोमरलेड याच्यापासून. जॉनचा पिता एफ्राइम १६८९ मध्ये लंडनडेरीच्या वेढ्यात लढला, असे परंपरा सांगते. या दोन पुरुषांमध्ये पाच शतके आहेत. त्यांतील पितापुत्रांची सलग साखळी ग्रीन देत नाहीत. कुळाच्या नावाचे साम्य हाच तेथे पूल होतो, आणि तो आम्हांस फार कच्चा वाटतो.

व्हर्जिनियातील हकीकतीस मात्र दप्तराचा आधार आहे. १७३९-४० च्या हिवाळ्यात ऑरेंज कौंटीच्या न्यायालयात जॉनने शपथेवर सांगितले की, पत्नी मॅग्डलीन, पुत्र सॅम्युएल व एक नोकर यांसह आपण १७३७ मध्ये स्वखर्चाने आलो. अशा शपथेने माणशी ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. म्हणूनच ते साल व्हर्जिनियात येण्याचे समजावे, समुद्र ओलांडण्याचे नव्हे. त्याआधी हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात होते. कागद कोणत्या हेतूने लिहिला गेला हे न पाहता त्यातील साल उचलणे धोक्याचे असते.

जॉन १७४२ मध्ये इरोक्वाइ लोकांशी झालेल्या चकमकीत पडला. पुढे बोर्डेनच्या जमिनीच्या दाव्यात, १८०६ मध्ये, त्याची नव्वदी ओलांडलेली बहीण मेरी ग्रीनली हिने जबानी दिली. बोर्डेन रात्री तळावर आला, आपली जमीन दाखवून देणाऱ्यास हजार एकर देऊ म्हणाला, आणि जॉनने ते पत्करले, असे ती सांगते. प्रसंगानंतर सुमारे ७० वर्षांनी, जमिनीच्या भांडणात दिलेली ही साक्ष आहे. तीही पारखूनच घ्यावी लागते. तरीही सोमरलेडच्या साऱ्या वैभवापेक्षा या चार वाक्यांत जॉन आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

१९२२ मध्ये डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि असंख्य मृत्युपत्रे व चर्चच्या नोंदवह्या नष्ट झाल्या. ग्रीन लिहीत होते तेव्हा ती शाबूत होती. आजच्या शोधकास ती वाट बंद आहे. म्हणून रिकामी जागा कल्पनेने भरण्याचा मोह आता अधिकच होतो. ती रिकामी ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

आमच्याकडील कुलवृत्तान्तांसही हीच कसोटी लावावी. मूळ पुरुष थोर असणे आवश्यक नाही. तो खरा असणे आवश्यक आहे.